सुमनताईची बिनरंगी शाई

हे प्रकरण मी आजवर टाळत आलो. आधीची प्रकरणं लिहून वर्ष होत आलं. वडिलांची अकोल्याच्या गिरणीतली नोकरी, माझी शाळा, कॉलेजसाठी अमरावतीला मामांकडे राहायला जाणं, एवढं सगळं लिहून झालं. मात्र मामांच्या घराबद्दल लिहिताना सुमनताईच्या नावापाशी आलो की पुढचं वाक्य मी दुसऱ्याच कुणाबद्दल लिहायचो. घरचे विचारत, पुढचं कधी लिहिताय? मी म्हणायचो, डोळे दुखतात. डोळे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं.

गेल्या दिवाळीत नात आली होती पुण्याहून, ऋचा. तिला हातानं भेटकार्डं करायचा नाद आहे. येताना तिनं एक खोका आणला. त्यात रबरी शिक्के, पावडरींच्या बाटल्या, केस वाळवायच्या यंत्रासारखं एक गरम हवा सोडणारं यंत्र आणि एक स्टॅम्प पॅड. पॅड उघडून माझ्यासमोर धरत म्हणाली, "आबा, हे बघा, या शाईला रंगच नाही. शिक्का मारला तरी काही दिसत नाही. वर पावडर टाकली की मग दिसतं." मी पॅडवर बोट टेकवलं. तोच चिकटपणा. बोट मिटलं आणि उघडलं तर कातडी जराशी ओढली गेली. सुमनताईच्या पॅडला पहिल्यांदा बोट लावून पन्नास वर्षांहून जास्त झाली असतील, पण बोटाला आठवत होतं.

तिची पावडर कार्डभर चिकटत होती, म्हणून मी तिला शंखजिरं कापडाच्या पुरचुंडीत बांधून आधी कार्डावर फिरवायला सांगितलं. शंखजिरं म्हणजे काय ते तिला कळेना. मग आतून टाल्कम पावडर आणली. जास्तीची पावडर झटकताना कार्डाच्या पाठीवर नखानं कशी टिचकी मारायची ते दाखवलं. एकाच शिक्क्यावर अर्धी सोनेरी आणि अर्धी तांबूस पावडर टाकली की मधल्या पट्ट्यात दोन्ही रंग एकमेकांत कसे विरघळतात ते दाखवलं. तिनं मोबाईलवर सगळं टिपलं आणि कुणाकुणाला पाठवलं. खाली लिहिलं, माझ्या आबांनी शोधलेली पद्धत. घरात कुणी हरकत घेतली नाही, कारण घरात सगळ्यांना तेच माहीत आहे. अकोल्यात छापखानेवाल्यांनी मला एकदा शाल-नारळ दिलं, तेव्हा बोलणाऱ्यानं हेच सांगितलं होतं की वऱ्हाडात उठावाच्या, म्हणजे अक्षरं कागदावर उठून दिसणाऱ्या, पत्रिका यांनी आणल्या. मी खाली मान घालून हसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

ती पद्धत माझी नाही. ती माझ्या मामेबहिणीची, सुमनताईची. ती तिच्याकडून माझ्याकडे कशी आली, ते आता लिहितो.

मामा रबरी शिक्के बनवायचे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथं एक लोखंडी स्क्रूचा दाब होता, खाली स्टोव्ह. मामा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून ओळ बांधत, त्याचा ठसा प्लास्टरमध्ये घेत, त्यावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवून दाब आवळत आणि स्टोव्ह पेटवत. पंधरा मिनिटांनी रबर भाजल्याचा वास घरभर पसरे. आमच्या भाताला तो वास असायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना असायचा. कॉलेजात माझ्याजवळ बसणारा पोरगा विचारायचा, तुमच्या घरी सायकलचं दुकान आहे काय? घराला दुसरी खूण होती ती आवाजाची. मामीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे घरातले सगळेच ओरडून बोलत. नवा माणूस दारात थबकायचा, त्याला वाटायचं आत भांडण चालू आहे. आत असायचं एवढंच की मामा विचारत, कढीत मीठ टाकलं काय, आणि मामी म्हणे, पीठ कालच आणलं.

मामीच्या हाताला मात्र चव होती. सकाळी ज्वारीची गरम भाकर, त्यावर लसूण-मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार. हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त झाली की सांभारवडी व्हायची. मामी सारण भरायची, सुमनताई वळायची आणि मी खायचो. वळतानाही ताईची बोटं नेमकी चालत, एक वडी दुसरीहून लहान-मोठी नाही. मामा म्हणायचे, "पोरगी कंपोझिटर झाली असती." मामी विचारायची, "कोण झाली?" मग मामांना ते पुन्हा ओरडून सांगावं लागे आणि ताई तोंडाला पदर लावून हसत सुटे.

ताई माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. मॅट्रिक होऊन घरी बसली होती. ठेंगणी, अंगानं भरलेली, बोटांच्या टोकांना कायम पोळल्याचे पांढरे डाग. तिनं हे काम कसं शोधलं, ते मी स्वतः पाहिलं आहे. लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत कागदावर मामांच्या शिक्क्याची शाई पसरायची. ताईनं शाईच वगळली. मामीच्या फुटलेल्या टाचांसाठी घरात ग्लिसरीन असायचं. त्यात तिनं एरंडेलाचे थेंब घातले आणि कोऱ्या पॅडमध्ये मुरवलं. शेजारी हबीबभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तारा जोडताना डाग द्यायला लागणारे राळेचे खडे त्यांच्याकडे असत. "हबीबभाई, थोडा बिरोजा देता काय?" ती विचारायची. ते चष्म्यावरून पाहत म्हणायचे, "ले जा बेटी, लेकिन खाने का नहीं है, बोल दे रहा हूं." ती राळ ताई खलात कुटायची, मलमलीतून चाळायची आणि सोनेरी पावडरीत मिसळायची. बिनरंगी शाईनं शिक्का मारायचा, वर पावडर टाकायची, जास्तीची झटकायची आणि कार्ड तापलेल्या उपड्या तव्याच्या वर धरायचं. क्षणभर काही होत नसे. मग पावडरीचा मळकट थर एका कडेनं ओला झाल्यासारखा चमकत पुढं सरकायचा आणि अक्षरं कागदातून वर उठून उभी राहायची. पहिलं कार्ड मामांनी बोटानं चाचपून पाहिलं.

"हे कोणं केलं?"

"म्याच."

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी वेगळा स्टोव्ह आला.

एका प्रकारावर ती थांबली नाही. साधी राळ टाकून नक्षी वितळवायची आणि वरून कापसानं लाल रंग फिरवायचा, की नक्षीवर रंग धरत नाही आणि ती पांढरी उरते. गडद कागदावर नुसती बिनरंगी शाई मारून पावडर टाकायचीच नाही, की कागद तिथं तेल लागल्यासारखा एक छटा गडद होतो. हा तिचा आवडता प्रकार. कार्ड खिडकीकडे तिरपं धरून ती म्हणायची, "पाह्य दिगू, आता दिसते... आता नाही दिसत." मला त्यात काय पाहायचं ते कळत नसे. संध्याकाळी कॉलेजातून आलो की मी पावडर झटकायला बसायचो. शिक्का मारायचं काम ती मला देत नव्हती. माझा हात डावीकडे जड पडायचा. पहिलं अक्षर ठसठशीत आणि शेवटचं पुसट. ती म्हणायची, "तू शिक्का नाही मारत, शिक्क्यावर बसतोस." मला राग यायचा. मला यायलाच हवं असं वाटायचं.

विलासचं स्थळ तिला मी मामांकडे जायच्या आधी येऊन गेलं होतं. अकोल्याचं संत्र्याचं व्यापारी घर, तिथल्या आमच्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडचं. पोहे खाऊन झाल्यावर विलासच्या आईनं सांगितलं, पोरगी गुणाची आहे, पण आमच्या विलासले उंच पोरगी पाहिजे. ताईनं म्हणे आत जाऊन सांगितलं, "मंग त्याले शिडी दाखवा." ही गोष्ट घरात हसून सांगितली जायची. ती स्वतः किती हसली असेल, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही.

त्याच विलासचं लग्न ठरलं आणि त्याच्या पत्रिकांचं काम आमच्याकडे आलं. मामा म्हणाले, "या लोकायचं काम आपण कायले करावं?"

ताई म्हणाली, "बाबा, त्यानं मले नाही म्हटलं. माया हातच्या पत्रिकेले कोठी नाही म्हटलं?"

तिनं ते काम घेतलं आणि जीव ओतून केलं. आतला मजकूर प्रेसवर छापून आला होता. वरचा कलश तिचा. मलईच्या रंगाचं गुळगुळीत कार्ड, कलशाचं पोट तांबूस, नारळ सोनेरी, आणि दोन्ही रंग मिसळतात तिथं आंब्याची पानं. खाली निम्मं कार्ड कोरं सोडलेलं. दोनशे पत्रिका हव्या होत्या, तिनं वीस जादा केल्या.

शेवटचं कार्ड झालं त्या दुपारी ती जेवायला आत गेली. मी एकटा गठ्ठ्यापाशी होतो. मला एक पाहायचं होतं. कलशाखाली वेगळ्या पावडरीनं दुसरा शिक्का घेतला, तर तो तापवताना पहिला बिघडतो का? ताई म्हणायची, बिघडत नाही, हात लवकर काढायचा. मला ते स्वतःच्या हातानं करून तिला दाखवायचं होतं. फळीवर कागदात गुंडाळलेले तीन नवे शिक्के होते. एका कचेरीसाठी मामांनी सकाळीच केलेले. 'रद्द', 'स्थलांतरित' आणि 'मयत'. कचेरीच्या शिक्क्यांना हात लावायचा नाही, असा मामांचा दंडक होता. "सरकारी शिक्क्याशी खेळलास तं घरी पोलीस येईन आणि मले घेऊन जाईन," असं ते सांगायचे आणि मला ते खरं वाटायचं. तरी मी तो तीन अक्षरांचा शिक्का उचलला. तो सगळ्यात वर होता, एवढंच कारण. पुढं लोकांनी त्यात काय काय पाहिलं. माझ्या डोक्यात शब्द नव्हताच. ठसा नीट येतो की नाही, एवढंच होतं.

गठ्ठ्यावरचं पहिलं कार्ड घेतलं, बिनरंगी शाईत शिक्का टेकवला आणि खालच्या कोऱ्या भागावर दाबला. काही दिसलं नाही. चांदीची पावडर शोधायला वळलो, तर अंगणात मामांच्या सायकलची घंटी. शिक्का सदऱ्याला पुसला, कागदात गुंडाळून फळीवर ठेवला. कार्ड होतं तिथं, गठ्ठ्यावर ठेवून दिलं. मामा आत आले ते बोलतच. विलासच्या घरी उद्या सकाळी पत्रिकेची पूजा आहे, कार्डं आजच अकोल्याला पोचायला हवीत. "दिगू, कपडे बदल, चारची गाडी धर. तेवढाच मायबापाले भेटून येशील." मी कपडे बदलून आलो तर ताईनं गठ्ठा बांधून वर्तमानपत्रात गुंडाळला होता. ते कार्ड वरच होतं. मला माहीत होतं.

एवढंच काम होतं, सुतळी सैल करून वरचं कार्ड ओढून घ्यायचं. ताईसमोर काढलं तर कचेरीचा शिक्का घेतल्याचं सांगावं लागलं असतं. म्हटलं, बडनेऱ्याला काढू. बडनेऱ्याला गाडीत गर्दी चढली. म्हटलं, मूर्तिजापूरला गाडी थांबते तेव्हा काढू. मूर्तिजापूरला मी आलूबोंडे खाल्ले आणि हात तेलकट झाले. तेलकट हात कार्डाला लावायचे नाहीत, तेवढा नियम मात्र मी पाळला. पुढं झोप लागली. अकोल्याला उतरलो तर एसटी स्टँडवर स्वतः विलास उभा. त्यानं हसून गठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "सकाळी पूजेले ये बरं. ज्यानं पत्रिका आणली त्याले लाडू असते." रात्री मी स्वतःची समजूत घातली की शाई वाळून जाईल. ग्लिसरीन आणि एरंडेल गुळगुळीत कागदावर दोन-दोन दिवस वाळत नाही, हे मला त्या घरात ताईखालोखाल माहीत होतं.

सकाळी बसलो त्यांच्या देवघरासमोर. घर भरलेलं होतं. संत्र्यांचा आंबटगोड वास, आत कढईत बेसन भाजल्याचा वास. विलासच्या आईनं गठ्ठा सोडला आणि वरच्या पाच पत्रिका काढून ताटात मांडल्या. एक गणपतीची, एक कुलदेवीची, एक अमरावतीच्या अंबादेवीची, अशा देवांच्या पत्रिका आधी पुजायच्या, ही आमच्याकडची रीत. तिनं प्रत्येकीवर चिमूट चिमूट हळद वाहिली, मग कुंकू. पाची पत्रिका लालपिवळ्या झाल्या. मग एकेक उचलून ती जास्तीचं कुंकू ताटात झटकू लागली. पहिल्याच पत्रिकेवर खाली कुंकू अडकून राहिलं. तिला वाटलं, गुठळी आहे. तिनं पाठीमागून नखानं टिचकी मारली. सुमनताई मारायची अगदी तशी. भोवतालचं कुंकू पडलं आणि कोऱ्या मलई कागदावर लाल अक्षरात 'मयत' उरलं.

ती बाई ओरडली नाही. तिनं पत्रिका उपडी ठेवली आणि विलासच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. मग कुणीतरी पत्रिका उलटून पाहिली आणि घरात एकदम आवाज झाला. एक म्हातारी म्हणाली, "करणी हाय हे." माझ्याकडे कुणी संशयानं पाहिलंसुद्धा नाही. उलट विलासच्या काकांनी मला विचारलं, "भाऊ, ह्या पत्रिका कोणं केल्या?"

मी म्हणालो, "सुमनताईनं."

ते खोटं नव्हतं. मी पुष्कळ वर्षं स्वतःला हे सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी विलास आणि त्याची आई माझ्याबरोबरच अमरावतीला आले. गाडीत तिनं मला डब्यातला लाडू दिला. मी तो खाल्ला. मामांच्या दुकानात ती बसलीसुद्धा नाही. पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊ, आमी तुमच्या पोरीले नाही म्हटलं. गुन्हा केला काय? त्याच्यासाठी माया पोराचं मरण चिंतावं?"

मामांनी पत्रिका पाहिली. फळीवरच्या पुडीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रिकामा झाला. आतून मामी आली, सगळ्यांची तोंडं पाहू लागली. "काय झालं व? काय लिहेल हाय त्याच्यावर?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. शेवटी मामांना तो शब्द तिच्या कानाशी ओरडून सांगावा लागला. दोनदा. त्या घरात ओरडून बोललेलं मला अंगावर आलं ते तेवढं एकदाच.

ताईनं पत्रिका उचलली आणि खिडकीकडे नेऊन तिरपी धरली. तिला काम वाचता यायचं. तिनं 'म' पाहिला असेल, ठसठशीत, कडा दाबल्या गेलेला. शेवटचा 'त' पुसट. ती म्हणाली, "काकू, हा शिक्का म्या नाही मारला. मी असा नाही मारत."

"मंग कोणं मारला? देवानं?"

ताई माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. रस्ता विचारावा तसं तिनं विचारलं, "दिगू, मी जेवाले गेली होती तवा तू अठीच होता ना. हे शिक्के कोणं काढले होते?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मामाही. मी त्यांच्या घरी राहत होतो, त्यांच्या ताटात जेवत होतो. मला पोलीस दिसत होते, अकोल्याची परतीची गाडी दिसत होती.

"मले नाही माहीत," मी म्हणालो.

तिनं पत्रिका माझ्यापुढं धरली. मला वाटतं, तिनं मला आणखी एक संधी दिली. मग तिनं पत्रिका टेबलावर ठेवली. "मंग मायाच हातून झालं असंन," ती म्हणाली आणि आत गेली. विलास आईला म्हणाला, "चाल माय, झालं ते झालं, दुसऱ्या छापू." त्यांनी दुसरीकडे छापल्या. लग्न ठरल्या दिवशी झालं. विलासला काही म्हणता काही झालं नाही. तीन मुलं, नातवंडं, अजून सकाळी संत्र्याच्या गाडीपाशी उभा असतो आणि मी दिसलो की हात वर करतो.

जे झालं ते ताईला झालं. शिक्केवाल्याच्या पोरीनं कुंकवातून मयत काढलं, ही गोष्ट नात्यागोत्यात फिरली. रिद्धपूरला यात्रेला गेलेली मामी तिथून रडत परत आली, कारण तिथंही कुणी तरी तिला विचारलं होतं, आणि तिला ते एकदा ऐकू न आल्यानं मोठ्यानं विचारलं होतं. स्थळं येईनाशी झाली. हबीबभाई एकदा मला दुकानातून हाक मारून म्हणाले, "सुमन बिरोजा लेने आती नहीं आजकल. बीमार है क्या?" मी नाही म्हणालो.

मामांनी तिचा स्टोव्ह, तवा, पॅड, सगळं उचलून माझ्यापुढं ठेवलं. "आता हे काम दिगू करंन." मी नाही म्हणायला हवं होतं. मी पॅड घेतलं. आणि उरलेलं सगळं तिनंच मला शिकवलं. स्वयंपाकघराच्या दारात बसून, हातात निवडायची भाजी, माझ्याकडे न पाहता ती सांगायची, "तवा जास्त तापला, राळ जळून राहिली. वास नाही येत काय तुले?" किंवा, "हात सरळ ठेव. दांडीवर जोर देऊ नको, मनगट सोड." वर्षभरात माझा हात सुधारला. आज ऋचा म्हणते, आबा, तुमचा ठसा किती एकसारखा येतो. तो हात मला ज्या दिवसांत मिळाला, त्या दिवसांत ताईनं माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोललेला मला आठवत नाही.

पुढं तिला चांदूर रेल्वेला दिलं. नवरा बिजवर, वयानं बराच मोठा, आधीची दोन मुलं. माणूस वाईट नव्हता. तिनं ती मुलं वाढवली, स्वतःचा एक मुलगा झाला. मी बी. कॉम. होऊन अकोल्याला प्रेसमध्ये लागलो ते तिच्या पद्धतीच्या जोरावर, आणि मग स्वतःचा प्रेस काढला तोही त्याच जोरावर. मामा गेले, मामी गेली. कुणीही मला कधी काही विचारलं नाही.

दर भाऊबीजेला मात्र मी चांदूरला जात होतो. अकोल्याहून पॅसेंजर. बडनेरा सोडलं की पुढच्या अर्ध्या तासात मी वाक्य पाठ करायचो. घरात शिरलो की ताई पाट मांडायची, ओवाळायची, पुरणाचं वाढायची आणि मुलांच्या परीक्षा, सुनेचं माहेर, गुडघेदुखी असं काहीबाही बोलायची. सून सारखी मधे. मुलं सारखी मधे. संध्याकाळची गाडी असायची. मी साडी ठेवून परत यायचो. असं किती वर्षं झालं ते मोजायला मला आवडत नाही. एकदा तिच्या घरी ओसरीत दोघंच होतो. मी म्हणालो, "ताई, कार्डाचं काम करावंसं नाही वाटलं का कधी तुले?" ती म्हणाली, "कायले? घरभर लोकायच्या भाकरी असते आता, तवा रिकामा नसते." आणि हसली. ते हसणं मला पुढची दोन वर्षं पुरलं. मी समजलो, ती विसरली.

ती गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी शेवटचं पाहिलं तिला. अंथरुणावर होती. हात चादरीबाहेर, बोटांवरचे पांढरे डाग तसेच. सून चहा ठेवून आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि सुरुवात केली, "ताई, ते विलासच्या पत्रिकेचं..." तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चहा घे दिगू, थंडा होऊन राहिला." मी चहा घेतला. तिला ऐकायचं नव्हतं की मी सांगणार नाही हे तिला कळलं होतं, हे आता कळायचा मार्ग नाही. मी मात्र तिच्या त्या वाक्याचा आडोसा घेतला. कप खाली ठेवला, तब्येतीची काळजी घे म्हणालो आणि स्टेशनावर आलो. गाडीला चाळीस मिनिटं होती. परत जाऊन यायला तेवढी पुरली असती. मी बाकावर बसून राहिलो.

गाडीत पाठ करायचो ती वाक्यं फार नव्हती. दरवर्षी थोडी बदलायची, शेवटी शेवटी एवढीच उरली होती: ताई, तो शिक्का म्या मारला होता. तू मले सगळ्यायसमोर विचारलं तवा मले माहीत होतं. मी भ्यालो आणि खोटं बोललो, आणि तुयं काम घेऊन जगलो. माफ कर म्हणाले तोंड नाही, तरी म्हणतो, माफ कर मले.